फ्लॅट दोघांच्या नावावर होता, एक गेला, मग आता तो कुणाचा?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, इथे मुद्द्याचं तेवढंच घेतेय. डोंबिवलीत टू बीएचके, २०१६ ला घेतलेला, अ‍ॅग्रीमेंट नवरा-बायको दोघांच्या नावावर, होम लोन अजून चालू. मिस्टर फेब्रुवारीत अचानक गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा अकरा. सासरे आधीच वारलेत, सासूबाई ताईंकडेच राहतात, दीर पुण्यात आणि नणंद नाशिकला. आता झालंय असं की तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत. ताईंचा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, तो म्हणतो जॉइंट ओनरशिप म्हणजे एक गेला की सगळं दुसऱ्याचं, टेन्शनच घेऊ नकोस. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात नॉमिनेशनवर सासूबाईंचं नाव आहे, त्यामुळे मिस्टरांचा भाग त्यांच्या नावावर चढणार. आणि दीर म्हणतात अर्धा फ्लॅट आईचा, तुझं नाव तर नुसतं लावलं होतं, पैसे सगळे दादाचे, पण आपण घरातल्या घरात मिटवू, तू जुन्नरच्या जमिनीवर हक्कसोड दे म्हणजे आई फ्लॅटबद्दल काही बोलणार नाही. हक्कसोडपत्राचा ड्राफ्टही त्यांनी आणून दिलाय आणि पुढच्या आठवड्यात सब-रजिस्ट्रारकडे जायचं म्हणतायत. ताईंनी ड्राफ्टचे फोटो पाठवलेत, ते मी नीट वाचले.

ताई, सगळ्यात आधी, पुढच्या आठवड्यात जुन्नरला जाऊ नका. मुलीची परीक्षा आहे म्हणा, तब्येत बरी नाही म्हणा, काहीही सांगा पण जाऊ नका. तुमच्यावर एवढं कोसळलेलं असताना मी असं तोडून बोलतेय त्याचा राग मानू नका, पण एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायचं म्हणजे दिवाणी दावा, तारखा, वकिलांची फी, आणि "मला कळलं नव्हतं, मी दुःखात होते" एवढ्यावर तिथे सहसा कुणी ऐकून घेत नाही. उलट सही लांबवली म्हणून तुमचं आज काहीच बिघडत नाही. नवऱ्याच्या हिश्शात तुमचा आणि मुलांचा हक्क ते गेले त्या क्षणीच तयार झालाय, तो काही सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघत थांबलेला नाही.

आता भावाचं. तो खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या घराबद्दल बोलतोय. इंग्लंडमध्ये नवरा-बायको घर घेतात तेव्हा सॉलिसिटर विचारतो की तुम्ही 'जॉइंट टेनंट्स' म्हणून घेताय की 'टेनंट्स इन कॉमन' म्हणून. पहिल्या प्रकारात वेगवेगळा हिस्साच नसतो, अख्खं घर दोघांचं मिळून, आणि एक गेला की अख्खं उरलेल्याकडे राहतं, वारस मध्ये येतच नाहीत, इतकंच काय, गेलेल्याने मृत्युपत्रात आपला भाग दुसऱ्या कुणाला लिहून ठेवला असला तरी त्याला काही अर्थ नसतो. हे नको असेल तर जिवंतपणी एकाने दुसऱ्याला लेखी नोटीस देऊन ती जॉइंट टेनन्सी मोडायची, तशी सोय तिकडच्या १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्यात आहे. दुसऱ्या प्रकारात ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा, तो गेला की त्याच्या वारसांकडे नाहीतर मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याच्याकडे.

आपल्याकडे दोन नावांवर घेतलेला फ्लॅट हा साधारणपणे या दुसऱ्या प्रकारात बसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की दोघांनी पैसे देऊन मिळकत घेतली आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर दोघांचा समान धरायचा. बिल्डरच्या छापील अ‍ॅग्रीमेंटमध्ये हिस्से बहुतेक वेळा लिहिलेले नसतातच, तुमच्याही नाहीयेत असं तुम्ही कळवलंय. आणि हिंदू माणसांमध्ये ही 'उरलेल्याला सगळं'वाली जॉइंट टेनन्सी एकत्र कुटुंबाच्या कोपार्सनरीबाहेर (कोपार्सनरी म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क असलेली माणसं) गृहीत धरायची नाही हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १८९६ सालीच सांगून ठेवलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १९ मध्ये तर स्पष्ट शब्दांत लिहिलंय की अनेक वारसांना मिळकत मिळाली तर ती 'टेनंट्स इन कॉमन' म्हणून, 'जॉइंट टेनंट्स' म्हणून नाही. बँकेच्या 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यामुळे पण लोकांचा असाच घोळ होतो. तिथे बँक उरलेल्या माणसाला पैसे देऊन मोकळी होते एवढंच, ते पैसे शेवटी कुणाचे हा प्रश्न वारसांमध्ये तसाच राहतो.

जाता जाता एक सांगते, कारण तुमच्या पत्रात "आपल्याकडे पण इंग्लंडसारखा कायदा हवा होता" असं एक वाक्य आहे. 'उरलेल्याला सगळं' हा नियम आपल्याकडे होता की, आणि त्याने विधवांचं वाटोळंच केलं. एकत्र कुटुंबातला भाऊ मूलबाळ नसताना गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांत मिसळून जायचा आणि बायकोच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र. १९३७ ला मुंबईच्या डॉ. जी. व्ही. देशमुखांनी कायदेमंडळात मांडलेला हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा आला तेव्हा विधवेला नवऱ्याच्या हिश्शात जागा मिळाली, ती पण हयातीपुरती, विकायचा वगैरे मोकळा अधिकार नाहीच. पूर्ण मालकी १९५६ ला मिळाली. आणि कोपार्सनरीतला तो जुना नियम मुळातून निघाला २००५ च्या दुरुस्तीत. तेव्हा आज दिराला तुमच्या नवऱ्याच्या हिश्शातला थेट एक रुपयाही मिळत नाही तो याच बदलांमुळे.

थेट म्हणाले, कारण आडवळणाने थोडंसं मिळू शकतं, ते खाली येईलच. आधी सरळ हिशोब करू, आणि आण्यांमध्येच करू, आपल्या आजी-आजोबांच्या पद्धतीने, कारण टक्के दशांशात गेले की घरातली मोठी माणसं ऐकायची बंद होतात. पूर्ण फ्लॅट सोळा आणे. त्यातले आठ आणे तुमचे, स्वतःचे, कुणाकडून वारशाने आलेले नाहीत, नवरा गेल्याने त्यांना धक्का लागलेला नाही. उरलेले आठ आणे नवऱ्याचे. मृत्युपत्र नाही म्हणजे ते वर्ग एकच्या वारसांत जाणार, आणि तुमच्या घरात असे वारस चार आहेत: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. हो, आई वर्ग एकमध्ये येते, मुलांच्या बरोबरीने. वडील येत नाहीत, भाऊ येत नाही, बहीण येत नाही, ते सगळे वर्ग दोन, आणि वर्ग एकमध्ये एक जरी माणूस असेल तरी वर्ग दोनला काही नाही. म्हणजे प्रत्येकी दोन आणे. एकूण बेरीज: तुमचे दहा आणे, मुलीचे दोन, मुलाचे दोन, सासूबाईंचे दोन. दीर म्हणतात 'अर्धा आईचा', तो अर्धा कुठून काढला कुणास ठाऊक.

आता ते आडवळण. उद्या सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांचे दोन आणे त्यांच्या मुलांत जातील: एक भाग दिराला, एक नणंदेला आणि एक तुमच्या मिस्टरांच्या शाखेला, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना मिळून (तुम्हाला नाही, सून म्हणून तुम्ही त्यात नाही, पण मुलं आहेत). दोन आणे म्हणजे चोवीस पै, तिघांत आठ-आठ पै. तर आज ज्या फ्लॅटवरून एवढं चाललंय त्यात दिरांचा संभाव्य वाटा आठ पै, टक्क्यात सांगायचं तर चारच्या थोडं वर, तोही आईच्या पश्चात, आणि आईने दुसरं काही लिहून ठेवलं नाही तर. आणि आईने सगळे दोन आणे त्यांच्या नावे लिहून दिले तर दोन आणे. त्याच्यावर काही नाही. आई हयात असताना 'उद्या मला मिळेल' या भरवशावर त्यांना आज काहीही मागता येत नाही, विकताही येत नाही, कायदा अशा नुसत्या आशेला मिळकत मानतच नाही.

"तुझं नाव नुसतं लावलं होतं" या वाक्याला घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका, कारण त्यांच्याकडे वकील गेला तर तो हेच धरणार. कलम ४५ मध्ये पैशांच्या प्रमाणाची गोष्ट आहे, त्यामुळे ते म्हणू शकतात की हप्ते दादाच्या पगारातून गेले. पण हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, आणि नवऱ्याने स्वतःच्या पगारातून बायकोच्या नावावर घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाही हे बेनामी व्यवहारांच्या कायद्यातच लिहिलेलं आहे, नवरा बायकोचं नाव लावतो ते तिला हक्क मिळावा म्हणूनच लावतो असंही म्हणता येतंच ना. त्यात तुम्ही लिहिलंय की डाउन पेमेंटसाठी तुमच्या पाटल्या आणि गोठ मोडले होते आणि तुमच्या बाबांनी चेक दिला होता. ती सोनाराची पावती शोधा. खरंच, आज संध्याकाळी शोधा. बाबांच्या पासबुकातली ती एंट्री, तुमच्या क्लासच्या फीमधून मिस्टरांच्या खात्यात जे पैसे जायचे त्याचे स्टेटमेंट, लोनच्या कागदांवर को-बॉरोअर म्हणून तुमची सही, हे सगळं एका फाइलमध्ये. बँका जुनी स्टेटमेंट कायम ठेवत नाहीत, त्यामुळे आधी तिकडे अर्ज टाका. आणि अगदी वाईटात वाईट धरलं, म्हणजे कोर्टाने म्हटलं की सगळा फ्लॅट नवऱ्याचाच, तरी काय होईल? सोळा आण्यांचे चार भाग, सासूबाईंचे चार आणे, तुमचे आणि मुलांचे मिळून बारा. तिथेही 'अर्धा' येत नाहीच.

सेक्रेटरीसाहेबांचं बघू. नॉमिनी म्हणजे मालक नाही. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, तरी प्रत्येक सोसायटीत कुणीतरी एक असतातच जे नॉमिनेशन फॉर्म म्हणजे मृत्युपत्र समजतात. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यातलं कलम १५४ब-१३ तुम्ही प्रिंट काढून त्यांना द्या. त्यात आहे की सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस ठरून ते सभासद होईपर्यंत. तात्पुरता. म्हणजे पत्रव्यवहार करायला, मेंटेनन्सचं बिल पाठवायला सोसायटीला एक माणूस हवा म्हणून. पुढे वारसांच्या नावावर करायचं ते मृत्युपत्र, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यातलं काहीतरी बघून. वारस दाखला आपल्याकडे दिवाणी कोर्टातून मिळतो, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, हो एवढा जुना आहे तो, अजून चालतो. तहसीलमधून वेगळा काहीतरी दाखला कुणीतरी 'करून देतो' म्हणेल त्याच्या नादी लागू नका. सोसायटीला आत्ता एक लेखी पत्र द्या की मी स्वतः या फ्लॅटची सहमालक आहे, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी सोबत जोडतेय, माझ्या लेखी संमतीशिवाय शेअर सर्टिफिकेटवर कोणतीही नोंद करू नये. पोच घ्या, शिक्क्यासकट.

आणि आता तो ड्राफ्ट. मी दोनदा वाचला, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्यात जे नाहीये ते. त्यात तुम्ही सोडताय, दीर घेतायत, आणि सासूबाई कुठेच नाहीत. ना लिहून देणार, ना संमती देणार, ना साक्षीदार. म्हणजे तुमचा जमिनीवरचा हक्क कागदावर, स्टॅम्पवर, नोंदणी होऊन जाणार, आणि त्याच्या बदल्यात मिळणार काय तर 'आई काही बोलणार नाही' एवढा तोंडी शब्द. स्थावरातला हक्क असा तोंडी सुटत नाही, शंभर रुपयांच्या वरचा असेल तर तो नोंदवलेल्या दस्तानेच सुटतो. उद्या सासूबाई बोलल्या, किंवा त्यांच्या नावाने दुसरं कुणी बोललं, तर तुमच्या हातात काय?

दुसरं खटकलं ते तिसऱ्या पानावर, तुमच्या नावाखाली: "स्वतःकरिता व अ.पा.क. म्हणून". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सातबाऱ्यावर तुम्ही बघितलं असेल. म्हणजे तुम्ही तुमचा एकटीचाच नाही तर दोन्ही मुलांचा हक्क पण सोडताय. मुलांना वारशाने मिळालेला त्यांचा स्वतःचा हिस्सा आईला सुद्धा परस्पर विकता, बक्षीस देता किंवा सोडून देता येत नाही, १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आधी कोर्टाची परवानगी लागते, आणि कोर्ट पहिला प्रश्न विचारतं की यात मुलांचा फायदा काय. इथे फायदा शून्य. परवानगी न घेता केलेला व्यवहार मुलं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत रद्द करून मागू शकतात. दिरांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, ज्याने ड्राफ्ट केलाय त्याला तर नक्कीच माहीत आहे. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल तर मुलांच्या हिश्शाला या कलमाचे नियम थोडे वेगळे लागतात, पण तुम्ही सही करायची की नाही याचं उत्तर त्याने बदलत नाही.

जमिनीत तुमचं आहे तरी काय? ते फेरफार (गावच्या दप्तरातली हक्कबदलाची नोंद) बघितल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. समजा जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर सासूबाई, मिस्टर, दीर, नणंद, चौघांचे चार-चार आणे. मिस्टरांच्या चार आण्यांचे पुन्हा चार वारस, एकेक आणा, त्यात तुमचे आणि मुलांचे मिळून तीन आणे. वडिलोपार्जित असेल तर गणित बदलतं, तिथे मुलांचा हक्क जन्मापासूनचा असतो, आणि नणंदेचाही मुलाइतकाच असतो, २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा २०२० चा सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा निकाल, वडील कधी गेले याने त्यात फरक पडत नाही. नणंदबाईंना या ड्राफ्टबद्दल माहीत आहे का हो? तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त 'नाशिकला असते' एवढाच आहे. एक फोन करा त्यांना. मला वाटतं त्यांच्यासाठी पण एक ड्राफ्ट तयार असेल. आणि जमीन कुकडीच्या कॅनॉलखाली येत असेल, रस्त्याला लागून असेल, तर त्या तीन आण्यांची किंमत फ्लॅटमधल्या दोन आण्यांपेक्षा कितीतरी जास्त निघू शकते, म्हणून सौदा करायचाच झाला तरी दोन्हींची सरकारी किंमत रेडी रेकनरवरून आणि बाजारभाव स्थानिक माणसाकडून काढल्याशिवाय बोलणंसुद्धा नको.

"आईचा हिस्सा बाहेरच्याला विकून टाकू" असं दीर फोनवर म्हणाले असं तुम्ही लिहिलंय, त्याचं उत्तर. आईचा हिस्सा आई विकू शकते, दीर नाही. आणि आईने विकायचा म्हटला तरी सहवारस म्हणून तो आधी विकत घ्यायचा हक्क तुम्हाला आणि मुलांना आहे, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२. त्यातूनही कुणी परक्याने घेतलाच तर कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन एक खोली माझी म्हणून बसायचा अधिकार त्याला नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या पार्टिशन अ‍ॅक्टखाली तुम्ही त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेऊन टाकू शकता. शिवाय फ्लॅट बँकेकडे गहाण. असा दोन आणे हिस्सा, तो पण लोनवाला, विकत घेणारा मला तरी माहीत नाही. फ्लॅटचे भिंत घालून तुकडे पडत नाहीत, मग कोर्ट विकून पैसे वाटा म्हणू शकतं, ही भीती खरी आहे, पण त्या कायद्यात विक्रीची मागणी करायला निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा लागतो. तो तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की सासूबाईंचे ते दोन आणे कसे मिळवायचे ते सांगा. ते मी आज सांगणार नाही, म्हणजे सांगते, पण घाई करू नका. त्या बाईंचा मुलगा गेलाय. दोन आणे त्यांना कायद्याने मिळालेत, कुणी मेहेरबानी केलेली नाही, आणि सहमालक म्हणून त्या घरात राहायचा त्यांना तुमच्याइतकाच हक्क आहे, सगळ्या खोल्यांत, नुसत्या हॉलमधल्या दिवाणावर नाही. तुमच्या पत्रावरून तुमचं आणि त्यांचं बरं जमतं, दिरांचं बोलणं त्यांच्या कानावर किती आहे हेही तुम्हाला नक्की माहीत नाही. तर आधी त्यांच्याशी बोला, दीर समोर नसताना, आणि विचारा की आई तुम्हाला काय वाटतं. त्यांना नातवंडांना द्यायचं असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे मृत्युपत्र, दोन साक्षीदार, शक्यतो नोंदवलेलं, त्यांच्या हयातीत हिस्सा त्यांचाच राहतो आणि मन बदललं तर बदलताही येतं. आत्ताच द्यायचं असेल तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर नातवंडांना किंवा वारलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, हो, 'मयत मुलाची पत्नी' असे शब्दच आहेत मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत, तुमच्यासारख्या बायकांसाठीच ते घातलंय. पण लोन आहे म्हणून बँकेची एनओसी लागेल. माझं मत विचाराल तर मृत्युपत्र बरं. म्हाताऱ्या माणसाकडून सगळं आत्ताच लिहून घेणं मला पटत नाही, मग ते सुनेने घेतलेलं असो की मुलाने.

लोनचं थोडक्यात. तुम्ही को-बॉरोअर आहात त्यामुळे हप्ता थांबवू नका. आधी लोनच्या फाइलमध्ये बघा की कर्जाबरोबर विमा दिला होता का, बँका हे गळ्यात मारतात आणि नंतर वारसांना आपणहून सांगतीलच असं नाही. विमा निघाला तर मोठं ओझं उतरेल. नसेल तर यापुढचे हप्ते फक्त तुमच्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे पुढे कधी हिस्स्यांचा हिशोब झालाच तर त्यात 'इतर सहमालकांच्या वाट्याचं मी भरलं' हे आकड्यांनी दाखवता येईल.

तुमचं स्वतःचं मृत्युपत्र पण करा, याच महिन्यात. दहा आणे तुमचे आहेत आणि दोन्ही मुलं अज्ञान आहेत, तुमच्या पश्चात त्यांचं कोण बघणार, पैसे कोण सांभाळणार हे नाव लिहून ठेवायला हवं, आणि ते नाव कुणाचं नसावं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बाकीच्या वाचकांसाठी, जे दोघं मिळून फ्लॅट घेणार आहेत: अ‍ॅग्रीमेंटमध्ये हिस्से लिहून घ्या, साठ-चाळीस असो की पन्नास-पन्नास, बिल्डरचा माणूस 'फॉरमॅटमध्ये नाही' म्हणतो तेव्हा ऐकू नका, आणि दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करा, इंग्लंडसारखा परिणाम आपल्याकडे त्यानेच मिळतो. मूलबाळ नसलेल्या बायकांनी तर नक्कीच करा, कारण नवरा आणि मूल दोन्ही नसताना हिंदू बाई मृत्युपत्राविना गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईचं घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आई-वडिलांकडे नाही. हा नियम मला अजिबात पटत नाही पण आहे तो असा आहे. गोव्यातल्या वाचकांनी वरचं आण्यांचं गणित आपल्या घराला लावू नये, तिकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकतीत अर्धी मालकी जोडीदाराची मुळातच असते आणि मृत्युपत्राने मोकळेपणी फक्त निम्म्याचंच काय ते करता येतं. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे वारसाचे नियमही वेगळे. हिस्से टेनंट्स इन कॉमनसारखे वेगळे असतात हे मात्र तिथेही साधारण तसंच.

तर ताई, दिरांना व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर नाही, एवढंच लिहा की ड्राफ्ट वाचला, मुलांच्या हिश्शाला कोर्टाची परवानगी लागते असं कळलं, त्यामुळे आत्ता सही करता येणार नाही, आणि जमिनीचा सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि सासरे गेल्यानंतरचा वारसाचा फेरफार पाठवा. नाही पाठवला तरी चालेल, सातबारा ऑनलाइन निघतो, गट नंबर तुमच्याकडे नसला तर मिस्टरांच्या पूर्ण नावावरून शोधा. वारस नोंदीसाठी स्वतः अर्ज करा, ई-हक्कवर ऑनलाइन होतो नाहीतर गावच्या तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मृत्यूचा दाखला आणि चारही वारसांची नावं लागतील. कायद्यात कळवायची मुदत तीन महिन्यांची आहे, फेब्रुवारीपासून मोजा, उलटून गेली असेल तरी हक्क जात नाही, अर्ज करायचाच. चार नावांत सासूबाईंचं नाव घालायला विसरू नका, राग आला असला तरी, तुमच्याच अर्जात एक वारस लपवला असं दिसलं तर पुढे सगळीकडे तेच काढून दाखवतील. फेरफार हातात आला की त्याचा फोटो पाठवा, मग जमिनीचे आणे काढू.